सहीतलं 'वसंत'

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'लिपिक' या शब्दाच्या वर माझी सही असते: संगीता वसंत. दाखला न्यायला आलेले पालक एकदा सहीकडे बघतात, एकदा माझ्या मंगळसूत्राकडे, आणि विचारतात, "वसंत म्हणजे मिस्टर का हो?" मी म्हणते, "नाही, वडील." मग पुढचा प्रश्न ठरलेलाच. लग्नाला तीस वर्षं झाली, तरी नवऱ्याचं नाव का लावलं नाही? कुणाला वाटतं सासरी काही बिनसलंय. कुणाला वाटतं मला भाऊ नसेल. भाऊ आहे, सासरही मायेचं आहे. नोकरीला 1994 साली लागले, लग्न पुढच्या वर्षी झालं. सेवापुस्तकात नाव बदलायचं का, असं मिस्टरांनी एकदा विचारलं. मी नको म्हटलं आणि त्यांनी तो विषय तिथंच सोडला. खरं कारण खिडकीपाशी उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. पण आज एकदा सगळंच सांगते.

मी मिरजेची. शाळेत पाचवीपासून दहावीपर्यंत आमच्या तुकडीत दोन संगीता पाटील होत्या. एक मी, एक ती. नुसतं नाव सारखं असतं तर आडनावावर भागलं असतं, पण आमचं आडनावही एकच. हजेरीपटात आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. त्यामुळे 'पाटील संगीता दत्तात्रय' आणि लगेच खाली 'पाटील संगीता वसंत'. ती 23, मी 24. बाकावर शेजारी, परीक्षेला मागेपुढे, प्रार्थनेला एका रांगेत. बाईंनी "संगीता" म्हटलं की दोघी उठायचो आणि एकमेकींकडे बघून एक खाली बसायची. बहुतेक वेळा मीच बसायचे, कारण हाक बहुधा तिलाच असायची. ती हुशार होती, अक्षर मोत्यासारखं.

तिचं नाव पत्रिकेवरून आलं होतं. शततारका नक्षत्र, चरणाक्षर 'सा', त्यावरून तिच्या आत्यानं संगीता धरलं. माझं नाव आलं कारखान्यातून. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, तंबोऱ्याच्या कारखान्यात कामाला होते. मिरजेचे तंबोरे आणि सतारी सगळ्यांना ठाऊक आहेत, 2024 साली तर दोन्हींना भौगोलिक मानांकनही मिळालं. तेव्हा आम्हाला त्यातलं एवढंच माहीत होतं, की आण्णांच्या सदऱ्याला लाकडाच्या भुशाचा वास येतो आणि कारखान्याच्या माळ्यावर पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे वाळत टांगलेले असतात. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या स्मरणार्थ मिरासाहेबांच्या दर्ग्यात गाणं व्हायचं, तेव्हा आण्णा रात्रभर तिथं बसायचे. मुलीचं नाव संगीता ठेवायला त्यांना पंचांग लागलं नाही.

सातवीत, 1983 सालची गोष्ट. पावसाळ्यात आमच्या वरच्या नंबरातली एक मुलगी वडिलांच्या बदलीमुळे शाळा सोडून गेली आणि खालचे सगळे नंबर एकानं वर सरकले. ती 22 झाली, मी 23. सहामाहीच्या गणिताच्या पेपरावर तिनं जुन्या सवयीनं 23 लिहिलं. मीही 23 लिहिलं, माझं ते बरोबरच होतं. वडिलांचं नाव दोघींनीही घातलं नव्हतं. म्हणजे सरांच्या हातात दोन पेपर, दोन्हींवर 'पाटील संगीता, 23'. एकात 71 गुण, दुसऱ्यात 29. त्यांनी 71 चा पेपर 23 नंबरला लावला आणि 29 चा 22 ला.

दिवाळीची सुट्टी संपली, पेपर आणि प्रगतिपुस्तकं एकाच दिवशी मिळाली. माझ्या हातात आलेला पेपर तिच्या अक्षरातला होता. निळ्या पेन्सिलीनं आखलेला समास, गोल गोल ण. मला पहिल्या क्षणीच कळलं. मधल्या सुट्टीत ती आली आणि म्हणाली, "अगं, तो माझा पेपर आहे." मी म्हटलं, "नंबर बघ. 23 आहे." आणि पेपर घडी करून दप्तरात घातला.

हे वाक्य मी आजवर फार थोड्या लोकांपुढे उच्चारलंय. नंबर बघ, 23 आहे.

तिचे वडील रेल्वेत होते, शिस्तीचे. ती घरी सांगत राहिली की हे मार्क माझे नाहीत. ते म्हणाले, "मग दुसऱ्या पेपरावर तुझं नाव कुठं आहे? ती पण संगीता पाटीलच." तिच्याजवळ पुरावा नव्हता. पुरावा फक्त मी होते. तिला मार बसला आणि येत्या रविवारी पन्हाळ्याला जाणारी सहल बंद झाली. सहलीचे पैसे भरलेले होते, तरीही.

मी गेले. पहाटे गाडी सुटायच्या आधी बाई खिडकीखाली उभं राहून नावं वाचत होत्या. "संगीता पाटील?" "हजर." "दुसरी?" गाडीत कुणी बोललं नाही. बाईंनी वर पाहिलं. "दुसरी आली नाही का गं?" मैत्रिणी माझ्याकडे बघायला लागल्या, कारण आमच्यातली एक कुठं आहे हे दुसरीला माहीत असायचं, असा वर्गाचा शिरस्ताच होता. मी म्हटलं, "माहीत नाही." पुढे तीन दरवाजा पाहिला, अंबारखान्यात ओरडून आवाज घुमवून पाहिला, सज्जाकोठीवर डबे खाल्ले. हे सगळं पाहिल्याचं आठवतं, पण त्यातल्या कशातही माझं मन नव्हतं. डब्यातला शेवटचा दशमीचा तुकडा मी तसाच परत आणला होता.

सोमवारी सकाळी शाळा भरायच्या आधी बाईंना जाऊन सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. सरांना बोलावून घेतलं, सरांनी दोन्ही पुस्तकांत लाल शाईनं दुरुस्ती केली. संध्याकाळी ते पुस्तक आण्णांपुढे धरलं आणि सगळं सांगितलं. आण्णांनी 29 वर बोट ठेवलं, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चप्पल पायात घातली आणि मला घेऊन तिच्या घरी गेले. तिथं तिच्या वडिलांना हात जोडून म्हणाले, "पोरीची चूक झाली, आमची पण झाली." तिचे वडील खाली बघत राहिले. ती आतल्या दारात उभी होती, बाहेर आली नाही.

परत येताना वाटेत आण्णा म्हणाले, "हितनं पुढं पेपरावर माझं नाव घालायचं. मार्क कितीही पडूंदेत."

त्या दिवसापासून मी नुसतं संगीता पाटील असं कुठंच लिहिलेलं नाही. पेपर, वह्या, ग्रंथालयाचं कार्ड, पुढे नोकरीचा अर्ज. सहीतून आडनाव गेलं तरी चालेल, वसंत जायचा नाही.

ती महिनाभर बोलली नाही. बोलायला लागली ते एका रविवारी, कारखान्यात. आण्णांना डबा द्यायला मी चालले होते, वाटेत ती भेटली आणि काही न बोलता बरोबर चालू लागली. आण्णा नव्या तंबोऱ्याची जवारी लावत होते, म्हणजे तारेचा आवाज भरून घुमावा म्हणून तिची बैठक जमवत होते. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, तार छेडायची, परत केसभर सरकवायचा. तंबोऱ्याला चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या म्हणजे सा च्या, शेवटचा खर्ज, म्हणजे खालचा सा. तिनं विचारलं, "काका, मधल्या दोन्ही सारख्याच का?" आण्णा म्हणाले, "दोन्ही सा. जोडीच्या तारा म्हणायच्या त्यांना." आणि त्यांनी एका तारेवर नुसतं बोट टेकवून चारही तारा छेडल्या. आवाज एकदम लंगडा झाला. बोट उचललं, परत छेडल्या, तर खोली भरून गेली. आम्ही दोघी भोपळ्याला कान लावून किती वेळ बसलो होतो कोण जाणे. घरी जाताना ती म्हणाली, "चल, वसंत." मी म्हटलं, "आले, दत्ता." तेव्हापासून आम्ही एकमेकींना वडिलांच्याच नावानं हाक मारतो. बाकी वर्गानंही मग तीच नावं उचलली.

1992 साली तिचं लग्न झालं. पाठराखीण म्हणून मी तिच्याबरोबर सासरी गेले. तिथं थोरल्या जावेचं नाव संगीता. एका घरात दोन कशा चालतील, म्हणून लक्ष्मीपूजनानंतर तबकात तांदूळ पसरले आणि नवरदेवानं अंगठीनं त्यात नाव लिहिलं: स्नेहल. बायकांनी उखाणे घ्यायला लावले, पेढे वाटले. थोड्या वेळानं सासूबाईंनी आतून हाक मारली, "स्नेहल, जरा इकडं ये गं." ती जागची हललीच नाही. तिला कळलंच नाही. मग त्यांनी थोरल्या सुनेला हाक मारली, "संगीता!" तर आम्ही तिघीही एकदम वळलो. सगळे हसले. ती पण हसली, पण माझा हात तिनं असा काही घट्ट धरला होता की बांगडीचा वळ उठला.

नाव बदलल्यानं माणूस मिटत नाही, हे मला कळतं. आमच्या मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांचं मूळ नाव चंपाकळी, धाकट्या बहिणीचं सकीना. ती सरस्वतीबाई राणे म्हणून गाजली. नव्या नावांनीच त्यांचं गाणं घराघरात गेलं. पण वर्गात दोन संगीता सहा वर्षं नांदल्या आणि घरात दोन सुना नांदू शकत नाहीत, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. दुसरीला ओळखायची थोडी तसदी घ्यायची, एवढंच तर लागतं. आमच्या बाई घ्यायच्या.

आता लिपिक म्हणून मी रोज नावंच लिहिते, आणि दर वर्षी जनरल रजिस्टरमध्ये कुठं ना कुठं अशी जोडी सापडते. शिक्षकांना मी सांगते, नुसत्या हजेरी क्रमांकावर जाऊ नका, रजिस्टर नंबर लिहा, आईचं नाव लिहा. मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं निर्णय घेतला, की 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. ही मुलं पहिलीत येतील 2030 साली आणि मी निवृत्त होणार 2029 ला. त्यांचा हजेरीपट लिहायला मला मिळाला असता तर फार आवडलं असतं. आमच्या हजेरीपटात आई कुठंच नव्हती. तिच्या आईचं नाव इंदुमती, हे मला नववीत कळलं, आणि तेही एका रुखवतावर भरतकामात वाचून.

तिचे वडील गेल्यावर वारसनोंदीचं काम निघालं. जुन्या कागदांत मुलगी संगीता दत्तात्रय, आणि आधार कार्डावर स्नेहल, मधलं नाव आणि आडनाव सासरचं. तिचा फोन आला. "वसंत, ही दोन्ही मीच, हे आता कसं पटवून देऊ?" शाळेच्या रजिस्टरचा उतारा मिळवला, लग्नाचा दाखला जोडला, 'सदर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत' असं प्रतिज्ञापत्र तयार केलं. तिला ओळखणारी साक्षीदार म्हणून मी गेले.

सेतूच्या टेबलावर मी सही केली. समोरच्या मुलानं कागद फिरवून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, इथं पूर्ण नाव पाहिजे. मिस्टरांचं नाव सांगा."

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "वसंतच लिहा. तिचं नाव तसंच आहे."