तुम्ही विचारलंत म्हणून: ते चित्र अजून भिंतीवर का आहे

दारातून आत आलं की समोरच दिसतं, त्यामुळे चहा येईपर्यंत विषय निघतोच. "बुडालेल्या जहाजांचं चित्र कोणी हॉलमध्ये लावतं का?" आणि आई गेल्यापासून, जरा आवाज खाली आणून, "अजून काढलं नाहीस?" चार वर्षं मी "राहू दे हो" म्हणत आले. आता एकदाच लिहिते.

पहिली गोष्ट, त्यात काहीही बुडत नाहीये. ते 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या साप्ताहिकाचं 24 मे 1845 चं पान आहे. कागद इतका पातळ की पाठीमागचा मजकूर उलटा दिसतो. 'एरेबस' आणि 'टेरर', तीन-तीन डोलकाठ्यांची दोन जहाजं. 19 मेला ती थेम्सवरच्या ग्रीनहाइदहून निघाली, कॅनडाच्या उत्तरेच्या बर्फातून पॅसिफिकची वाट शोधायला. लाकडावर ठसा कोरणाऱ्याला पुढचं काय ठाऊक? त्याने निघतानाचं चित्र काढलं. 129 माणसांतला एकही परतला नाही, हे आपण त्यात घालतो.

हे भाषण मी आई असताना ऐटीत करायचे.

आणि शकुनाचंच म्हणाल, तर निघताना एका डोलकाठीवर कबुतर येऊन बसलं होतं. मोहिमेचा प्रमुख सर जॉन फ्रँकलिन, त्याच्या मुलीने ते लिहून ठेवलंय. सगळे खूश झाले. उलट त्याआधी तो डुलकी घेत असताना बायकोने, जेनने, स्वतः शिवलेला झेंडा त्याच्या पायांवर पांघरला, तर तो दचकून उठला म्हणे: झेंडा प्रेतावर घालतात! यातला कुठला धरू?

आईला त्यातलं काही नव्हतं. चित्रावरची धूळ तीच पुसायची. तिचा प्रश्न एकच, "एवढी माणसं, खायला काय?" मी म्हटलं, तीन वर्षांचं सामान, शिवाय मांस, सूप, भाज्यांचे सुमारे 8000 हवाबंद डबे. "डब्यातलं?" तिने नाक मुरडलं.

गुडघ्यांच्या ऑपरेशनचा आग्रह माझा होता. ती म्हणायची, चालतंय ना माझं. तीन मजले ती कठडा धरून, अंग आडवं करून, एकेक पायरी उतरायची. मला ते बघवत नव्हतं. खरं सांगायचं तर तिच्यासाठी जिन्यात थांबून मला कामाला उशीरही व्हायचा. दीड वर्ष मागे लागले. भावाला फोन करायला लावले, खालच्या काकूंना त्यांचे नवे गुडघे दाखवायला वर आणलं. शेवटी, "कर बाई तुझ्या मनासारखं."

निघाली त्या सकाळी पिशवीत मोरावळ्याची बरणी, स्वतःचा तांब्या, जपमाळ, शब्दकोड्यांची कात्रणं आणि तीन पातळं. आठ दिवसांसाठी! प्रत्येक मजल्यावर माणसं दारात उभी. "चालत या हो परत!" रिक्षात बसून तिने वर बघत हात हलवला. मी फोटो काढला.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. तिसऱ्या दिवशी वॉकर धरून ती दारापर्यंत गेली. मी फॅमिली ग्रुपवर टाकलं, "सगळं उत्तम. आज आई आठ पावलं चालली." खाली अंगठे, जोडलेले हात. रात्री पायातली गुठळी फुप्फुसात गेली. पहाटे 4:40 चा दुसरा मेसेजही माझाच. मधले अंगठे सोडले तर दोन्ही लागून आहेत.

1859 मध्ये किंग विल्यम बेटावर दगडांच्या राशीत त्या मोहिमेचा एक कागद सापडला. त्यावर 28 मे 1847 ची नोंद: सगळं ठीक. आणि त्याच कागदाच्या कडेकडेने, जवळजवळ वर्षाने लिहिलेलं: फ्रँकलिन 11 जून 1847 ला गेला, एकूण 24 जण दगावले, जहाजं बर्फात सोडली, उरलेले 105 पायी निघतोय. म्हणजे 'सगळं ठीक'नंतर बरोबर चौदा दिवसांनी तो गेला. हे मी आधीही वाचलं होतं. तेव्हा नुसती माहिती म्हणून वाचलं.

फ्रँकलिन तेव्हा 59 वर्षांचा. वयामुळे वरचे लोक कचरत होते, तरी त्यालाच धाडावं म्हणून जेनने खटपट केली. नंतर शोधासाठी स्वतःच्या पैशाने जहाजं पाठवली. इन्यूइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांकडून कळलेली हकीकत, की माणसं भुकेने मेली आणि शेवटी एकमेकांना खाल्लं, ती तिने मानलीच नाही. (इन्यूइट बरोबर होते. एरेबस 2014 ला सापडलं, ते त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या भागातच.) पूर्वी मी तिला हट्टी बाई म्हणायचे.

भाऊ म्हणतो, तुझा दोष नाही. वहिनी म्हणते, चित्र काढ. दोघांचा सूर सारखाच. भावाला रिक्षातला फोटो मोठा करून हवा होता, हार घालायला. मी दिला नाही, लग्नातला दिला. त्यावरून तो आठवडाभर बोलला नाही, आणि का दिला नाही हे मलाही त्याला धड सांगता आलं नाही. चित्राचं कारण म्हणून हे तुम्हाला पटेलसं नाही. मलाही रोज पटतं असं नाही.

पुढच्या महिन्यात घराला रंग द्यायचाय, तेव्हा ते उतरवावं लागेलच. परत लावेन की नाही, ठरलेलं नाही. रंगाऱ्याला फक्त खिळा काढू नको म्हणून सांगितलंय.