तेल कधी थिजलं

२९ मे २०२५, गुरुवार

लाईट सकाळी सहाला गेली ती अजून नाही. बाहेर झिमझिम. मळ्यात पाय ठेवला की चप्पल चिखलातच राहते, सरीत ट्रॅक्टर घालायची सोय नाही, म्हणजे फवारणी आजही राहिली. करपा रोगाला याहून चांगले दिवस कुठले मिळणार!

द्राक्षाची एप्रिल छाटणी होऊन पन्नास दिवस झाले. सबकेन (शेंडा खुडून काढलेली उपकाडी) झाली, काडी वाढते आहे, आणि नेमक्या याच दिवसांत काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड ठरतो. त्या डोळ्याला ऊन लागतं. ढगाळ राहिलं की घडाच्या जागी बाळी, म्हणजे नुसता तणावा, बसते, आणि आपल्याला ते कळतं थेट ऑक्टोबर छाटणीनंतर, फूट निघाल्यावर. चार-पाच महिने वेल गुपित पोटात ठेवते. आपण खत घालत राहतो.

पेपरात मान्सूनच्या बातम्या आहेत. केरळात २४ मे, मुंबईत २६ मे. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून, म्हणजे सोळा दिवस आधी, आणि पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर आला नव्हता म्हणे. आमच्या निफाडात मात्र तो कागदावर अजून पोचायचाय. मुंबईत पडतो तो मान्सून आणि आमच्या बागेवर पडतो तो पूर्वमोसमी. वेलीला हा फरक समजावून सांगायला कोणी येत नाही.

तात्या ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "असा मे महिना मी बघितला नाही."

मी गप्प बसलो, पण मनात मोजलं. गेल्या वर्षी याच सुमाराला मालेगाव चाळिशीच्या वर होतं, बोअर तासाभरात दम टाकत होती, तेव्हा तात्या म्हणाले होते, असा उन्हाळा बघितला नाही. २०२३ च्या ऑगस्टात म्हणाले, बाहत्तरनंतर असं पहिल्यांदाच. (त्या वेळी ते फारसे चुकले नव्हते. देशाच्या नोंदीत तो १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला.) दरवर्षी काहीतरी 'कधी न बघितलेलं' असतं. मग बघितलेलं वर्ष होतं तरी कोणतं?

काम नव्हतंच. माळ्यावरची ट्रंक काढली.

तात्यांच्या वह्या म्हणजे खताच्या दुकानातून फुकट मिळालेल्या डायऱ्या. १९८८ पासूनच्या, मधल्या दोन उंदरांनी खाल्लेल्या. माझ्या २०१४ पासून पुढे. माझ्या वहीत रकाने आहेत, आकडे आहेत. तात्यांच्या वहीत आकडा आहे तो फक्त विहिरीचा: 'दीड परस पाणी, मोटर दोन तास.' (परस म्हणजे पुरुषभर खोली.) पावसाला त्यांची तीनच मापं: 'सर', 'बरा', 'बांध फुटला'. 'सूर्य मृगात, वाहन बेडूक' अशी ओळ आणि तिच्याखाली चार दिवसांनी, जरा जोर देऊन, 'बेडूक कोरडा'. 'उत्तरा फुकट गेल्या.' आणि दर हिवाळ्यात, एकदाच, न चुकता: 'तेल थिजलं.'

३० मे, शुक्रवार

काल रात्री बॅटरीच्या उजेडात बाराला झोपलो. त्या 'तेल थिजलं'ने डोकं धरलंय.

खोबरेल तेल साधारण चोवीस अंशांच्या आसपास थिजतं. म्हणजे तात्यांच्या नकळत आमच्या घरात एक थर्मामीटर चालू होता, एकाच खुणेचा. मी सगळ्या तारखा एका कागदावर उतरवल्या. १९९१ साली ६ नोव्हेंबर. १९९६ ला १४. २००३ ला १०. दहा नोव्हेंबरच्या मागेपुढे, चार दिवस इकडे, चार दिवस तिकडे. आणि मग २०१० पासून तारीख जी सरकली ती डिसेंबरातच गेली. २०१५ ला तर तात्यांनी लिहिलंय, 'यंदा तेल थिजलंच नाही.'

मला अगदी हर्ष झाला. (हर्ष व्हावा अशी गोष्ट नव्हती, पण पुरावा सापडला की माणसाला होतो.) थंडी महिनाभर उशिरा येऊ लागली, आणि पुरावा आमच्या ट्रंकेत! कागद घेऊन स्वयंपाकघरात गेलो. आई भाकरी थापत होती. तिने वर न बघता विचारलं, "आपण या घरात कधी आलो रे?"

२००९ ला. दिवाळीत.

जुनं घर मातीच्या भिंतींचं, कौलारू. तेलाची काचेची बाटली उत्तरेच्या कोनाड्यात, जिथे पहाटेचा वारा थेट लागायचा. नवं घर स्लॅबचं, आणि बाटली, आता प्लास्टिकची, बाथरूमच्या फळीवर, गिझरच्या शेजारी. तिथे ती थिजली असती तरच नवल.

तात्यांना सांगितलं तर त्यांना पटेना. "तेलाला काय कळतंय घर बदललं ते?"

"तेलालाच तर कळलं, तात्या."

आई पुढे म्हणाली ते मी आजवर ऐकलंच नव्हतं. "ती नोंद मुळात माझी आहे. बाटली चुलीजवळ ठेवावी लागली की मी सांगायचे, हे लिहायचे." सदतीस वर्षांच्या डायऱ्या, अक्षर तात्यांचं, आणि त्यातली सगळ्यात इमानी नोंद आईची.

मी हसलो खरा, पण माझ्या वहीतही तेच झालंय. २०१४ ला थर्मामीटर घेतला आणि टांगला मोटरच्या शेडच्या भिंतीला, वर पत्रा. पत्र्याखाली मे महिन्यात काय दिसणार? शेचाळीस दिसायचं. २०१६ चा मे आमच्याकडचा सगळ्यात कडक, असं मी पुढे वर्षभर लोकांना सांगत हिंडलो. राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकताना वेधशाळेतली ती पांढरी झडपांची पेटी रोज बघायचो: जमिनीपासून चारेक फुटांवर, दार उत्तरेला, ऊन आत न जाता वारा खेळेल अशी. स्वतःच्या शेतात मात्र खिळा दिसला तिथे थर्मामीटर अडकवला. २०१७ ला सुताराकडून पेटी करून घेतली आणि एका रात्रीत आमच्याकडचा उन्हाळा तीन-चार अंशांनी निवला. आधीच्या तीन वर्षांचे कमाल आकडे मी लाल पेनाने खोडले. फाडले नाहीत.

पावसाचीही तीच गत. मी पर्जन्यमापक सकाळी सातला बघतो, धारेला जायच्या आधी. सरकारी पाऊस साडेआठ ते साडेआठ मोजतात. पहाटेपासून आठपर्यंत कोसळला की त्यातला काही माझ्याकडे आज, काही उद्या, आणि त्यांच्याकडे सगळा आजच. चहाच्या टपरीवर यावरून आमचं एकदा भांडण झालं होतं. दोघेही खरं बोलत होतो. आणि विमा ठरतो तो महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावरच्या आकड्यावर, जे आमच्या बांधापासून बरंच लांब आहे. त्यावर आज लिहीत नाही. बीपी वाढतो.

संध्याकाळी तात्यांनी विचारलं, "ते टीव्हीवर म्हणतात सरासरीपेक्षा जास्त, सरासरीपेक्षा कमी. ही सरासरी कुठल्या सालातली?"

चांगला प्रश्न होता. सांगितलं, की तीस वर्षांची काढतात. तापमान आता १९९१ ते २०२० च्या सरासरीशी ताडून बघतात, त्याआधी १९८१ ते २०१० शी बघायचे. दर दहा वर्षांनी पट्टी पुढे. देशाच्या चार महिन्यांच्या पावसाची सरासरी मात्र पन्नास वर्षांची, ती आता सत्याऐंशी सेंटीमीटर धरतात, आधी अठ्ठ्याऐंशी होती. नवी तीस वर्षं जुन्यापेक्षा गरम असली, तर तेवढीच उष्णता नव्या पट्टीवर सरासरीच्या फार वर दिसत नाही.

तात्यांनी जरा विचार केला. "म्हणजे दर दहा वर्षांनी बांध थोडा कोरायचा, आणि म्हणायचं शेत आहे तेवढंच आहे."

इतक्या वर्षांत मला हे इतकं नीट कधी सांगता आलं नव्हतं. (पट्टी बदलण्यात लबाडी नाही, हेही त्यांना सांगितलं. जुने आकडे कुठे जात नाहीत, कोणी काढून बघितले तर दिसतात. "बघतो कोण?" म्हणाले.)

झोपण्याआधी सरासरीतली वर्षं चाळली. २०१९: मान्सून मुंबईला २५ जूनला पोचला, सगळे रडत होते, शेवटी देशात पाऊस झाला ११० टक्के. आणि त्यातच ऑक्टोबरचा अवकाळी, फुलोऱ्यातल्या बागा कुजल्या. २०२३: देशात ९४ टक्के, म्हणजे थोडाच कमी. पण त्यात तो ऑगस्ट आहे, आणि हंगाम संपल्यावर २६ नोव्हेंबरची गारपीट आहे, जी त्या ९४ मध्ये कुठेच नाही. २०२४: १०८ टक्के, कागदावर झकास, पण ऑक्टोबर १९०१ पासूनचा सगळ्यात उष्ण. वेल टक्के खात नाही. तिला कुठल्या आठवड्यात काय आलं, तेवढंच लागतं.

१ जून, रविवार

आज वह्या परत ट्रंकेत ठेवताना एक गोष्ट लक्षात आली.

तात्यांची पहिली वही १९८८ ची. ८७ ला दुष्काळ होता. म्हणून पहिला आणि एकमेव आकडा विहिरीचा. माझी पहिली २०१४ ची, मार्चातल्या गारपिटीनंतरची. त्यामुळे तिच्यात 'गारा' असा स्वतंत्र रकाना आहे आणि त्यात रोज 'नाही'. नाही, नाही, नाही, पानंच्या पानं. बँकेतल्या मुलाने एकदा बघून विचारलं होतं, हे काय आहे काका? २०१८ च्या डिसेंबरअखेरीस इथला पारा दोन अंशांच्या आसपास उतरला, पानांवरचं दव गोठलं, रात्रभर आम्ही बागेत शेकोट्या पेटवत, धूर खात फिरलो. त्या जानेवारीपासून किमान तापमानाला माझ्याकडे लाल शाई आहे. त्याआधी मी पहाटे पाचला बॅटरी मारून आकडा घ्यायचो आणि समजायचो हाच किमान. खरा किमान उजाडतानाच्या सुमाराला असतो. इतकी वर्षं मी थंडी पूर्ण पडायच्या आधीच मोजून घरी येत होतो.

म्हणजे वहीत रकाना पडतो तो मागच्या नुकसानीचा. पुढचं नुकसान रकान्याबाहेरून येतं.

आणि यंदा? तीन आठवडे ऊन नीट नाही, आणि दोन्ही वह्या धरून सदतीस वर्षांत उन्हाचा रकाना एकदाही नाही. कोणाला लागेल असं वाटलं होतं, निफाडात, मे महिन्यात! राहुरीला काचेचा तो भरीव गोळा होता, सूर्य त्यातून कागदी पट्टीवर रेघ जाळत जायचा, ढग आला की रेघ तुटायची. संध्याकाळी जळलेली रेघ मोजली की दिवसाचे उन्हाचे तास. मी तेव्हा त्याच्यावर बिडी पेटते का हे बघण्यापलीकडे काही केलं नाही.

२ जून, सोमवार

सव्वानऊला ऊन पडलं. पळत वही आणली, रेघ मारली, वर लिहिलं 'ऊन'. सव्वानऊ ते दहा. मग ढग. पावणेबाराला परत, आणि बाराला गेलं. दुपारी मी बागेत, कोण बघणार? मधला आकडा अंदाजाने टाकायचा मोह झाला. नाही टाकला.

संध्याकाळी आई गच्चीवरून उतरली, हातात सूप. गव्हाच्या कुरडया, गेल्या आठवड्यात चीक शिजवून घातलेल्या. गेल्या वर्षी सकाळी घातल्या की दुसऱ्या दिवशी दुपारी डब्यात जात होत्या, कडक, खणखणीत. यंदाच्या चौथ्यांदा गच्चीवर जाऊन आल्या.

"आज ऊन किती होतं?" मी विचारलं.

तिने एक कुरडई मोडून माझ्यासमोर धरली. "वरून वाळली आहे. पोटात ओली."

तसंच लिहिलं. रकान्यात मावलं नाही, समासात गेलं.