आमची वाटचाल: एका स्क्रूपायी

वडिलांचं सांगलीला मोटर रिवाइंडिंगचं दुकान. मी कॅनडात एडमंटनला ट्रेलर दुरुस्तीसाठी शेड भाड्यानं घेतली तेव्हा जवळ त्यांची पक्कड, एक मल्टिमीटर आणि वेल्डिंग करणारा एक भागीदार होता. पहिली वर्षं बरी गेली.

मग तो हिवाळा. एका म्हाताऱ्याच्या घोड्यांच्या ट्रेलरला आम्ही चारही इलेक्ट्रिक ब्रेक नवे बसवले. यात प्रत्येक चाकात एक विद्युतचुंबक, म्हणजे मॅग्नेट, ब्रेक लावतो. महिन्याभरात तो परत. ब्रेक कधी लागतात, कधी नाहीत. हायवेपलीकडच्या दुकानदारानं त्याला सांगितलं होतं, यांनी हलके मॅग्नेट घातलेत. घोडेवाल्यांत ते बघता बघता पसरलं. कामं आटली, भागीदारानं अंग काढून घेतलं. मी त्याला दोष देत नाही. थोडा देतो.

म्हातारा मात्र उणे वीसमध्ये रात्री अकरापर्यंत गाडीत बसून ब्रेक दाबत राहिला. मी निळ्या तारेत, म्हणजे गाडीतून ब्रेकला करंट नेणाऱ्या तारेत, अँमिटर घातला. मॅग्नेटमागे साधारण 3 अँपिअर, म्हणजे 12 हवेत; दिसले 5. मॅग्नेट चोख. मग ट्रेलरची चेसी ते गाडीच्या बॅटरीचं निगेटिव्ह मोजलं, जिथे जवळपास शून्य हवं : 7 व्होल्ट! ट्रेलर हलवला की 2. पुढे पांढरी तार, म्हणजे करंट गाडीकडे परत नेणारी, चेसीला एका स्क्रूनं जोडली होती, रंगावरच. रस्त्यावरच्या मिठानं तो सडलेला. करंट हिचच्या बॉलमधून, म्हणजे ट्रेलर गाडीला अडकवायच्या गोळ्यातून, परतत होता. आणि तो स्क्रू कुणाचा? आधीच्या वर्षी ट्रेलरचा गाडीला जोडायचा प्लग बदलणाऱ्या त्याच पलीकडच्याचा. हे मात्र गावभर झालं नाही. बसवताना आम्हीही तो बघितला नव्हता, हेही खरं.

विचारलं नाहीत तरी सांगतो. मॅग्नेटच्या दोन तारांत प्लस-मायनस नसतं, कुठलीही अर्थला चालते. पण ती अ‍ॅक्सलला ठोकून मोकळे होऊ नका, मुख्य पांढऱ्या तारेपर्यंत आणा. पांढरी तार निळीपेक्षा बारीक नको. जोड क्रिंप करून, म्हणजे दाबून, वर गरम केली की आवळणारी श्रिंक ट्यूब. चिमट्यासारखे कनेक्टर तार सोलतात आणि मीठ आत घेतात. ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणाऱ्या ब्रेकअवे स्विचची पिन ओढून बघताना आधी गाडीचा प्लग काढा, नाहीतर गाडीतला ब्रेकचा कंट्रोलर जायचा.

म्हातारा अजून दर वसंतात येतो. पलीकडचं दुकानही चालू आहे. तिकडून आलेला ट्रेलर शेडमध्ये शिरला की मी आधी वाकून पुढचा स्क्रू बघतो.