तुम्ही विचारलंत म्हणून: रेडिएशनची भीती वाटत नाही का?

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या सभेत, कुठेही मी मुंबईत कुलाब्याला पेलेट्रॉनवर, म्हणजे अणुकणांना वेग देणाऱ्या यंत्रावर (त्वरकावर) प्रयोग करते हे कळायचा अवकाश, प्रश्न येतोच: "रेडिएशनची भीती नाही वाटत गं?" माझ्या एका विद्यार्थिनीच्या होणाऱ्या सासूबाईंनी तर "पुढे मुलंबाळं होतील ना?" असं तोंडावर विचारलं होतं. विचारतात ते बरंच आहे, मनात ठेवून नकार देण्यापेक्षा.

भीती वाटते. पण तिचा क्रम लोकांना वाटतो त्याच्या अगदी उलटा आहे.

पेलेट्रॉन हा भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांचा मिळून चालणारा त्वरक, 1988 च्या अखेरीस सुरू झालेला. एका उंच उभ्या टाकीच्या मधोमध टर्मिनल असतं, त्यावर 1 कोटी 40 लाख व्होल्टपर्यंत धन विद्युतदाब चढवता येतो. वरून सोडलेले ऋण आयन, म्हणजे जादा इलेक्ट्रॉन असलेले अणू, त्याच्याकडे ओढले जातात. टर्मिनलमध्ये कार्बनचा एक अतिशय पातळ पापुद्रा त्यांचे इलेक्ट्रॉन काढून घेतो, आयन धन होतात आणि मग तेच टर्मिनल त्यांना खाली ढकलून देतं. एकाच व्होल्टेजची दुहेरी कमाई! खाली चुंबक हा बीम, म्हणजे वेगवान आयनांचा झोत, वळवून आमच्या टार्गेटवर आणतो. तिथे दोन अणुकेंद्रकं एकमेकांवर आदळली की चिकटतात की फुटतात, हे आम्ही बघतो.

आदळआपट झाली की गॅमा किरण आणि न्यूट्रॉन निघणारच. म्हणून बीम चालू असताना हॉलमध्ये कोणी नसतं. बीम सोडण्याआधी आमच्यातला एक जण आत चक्कर मारतो, चुंबकांच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात डोकावतो, "कोणी आहे का?" म्हणून ओरडतो, मगच दार बंद होतं. पहाटे तीनच्या शिफ्टला, आत कोणी नाही हे पक्कं माहीत असतानाही ओरडायचं. नव्या पोरांना याचं हसू येतं. पुढे तीच पोरं सगळ्यात मोठ्यांदा ओरडतात. आणि बीम अडवला की रेडिएशन जवळपास तिथेच संपतं. बीम खाल्लेलं टार्गेट मात्र काही काळ किरण सोडत राहतं, म्हणून आत जाताना हातात मीटर असतो.

शिवाय छातीवर बॅज. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. त्या तापवल्या की पडलेल्या डोसच्या प्रमाणात उजेड देतात, तो मोजायचा. आमच्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेला रेडिएशनचा डोस मोजायचं एकक). आणि सासूबाई, गरोदर असल्याचं कळवल्यावर पोटातल्या बाळासाठी ती फक्त 1. माती, हवा, आकाश यांतूनच माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिळतात, जगभर, कुठल्याही प्रयोगशाळेत पाऊल न टाकता.

मी खरी घाबरते ती वायूंना. पेलेट्रॉनच्या टाकीत ठिणगी पडू नये म्हणून सल्फर हेक्झाफ्लोराइड भरलेला असतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो हवेपेक्षा पाचपट जड, त्यामुळे खड्ड्यात, तळघरात साचून बसतो आणि ऑक्सिजनला हुसकावून लावतो. विषारी नसूनही जीव घेऊ शकतो. तीच गत द्रव नायट्रोजनची. जर्मेनियमचे डिटेक्टर थंड ठेवायला तो रोज लागतो. एका लिटरचा जवळजवळ सातशे लिटर वायू होतो. म्हणून त्याचा डेवार (थर्मासासारखं भांडं) लिफ्टने एकटाच जातो आणि आम्ही जिन्याने. आमची ही मिरवणूक बघून पाहुणे चकित होतात. पण बंद लिफ्ट अडकली तर आत श्वास घ्यायला काय उरेल?

रेडिएशनचंही एक रूप मला घाबरवतं: ज्याला बटण नाही आणि वालीही नाही. एप्रिल 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-60 या किरणोत्सारी धातूचा स्रोत फोडला गेला. एका विद्यापीठातलं, 1985 पासून पडून असलेलं उपकरण लिलावात भंगारवाल्यांकडे गेलं होतं. कोबाल्ट-60 दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो, म्हणजे तोवर त्याची तीव्रता पंचवीसपटीहून जास्त उतरलेली होती. तरी बरेच जण आजारी पडले आणि एकाचा जीव गेला. तिथे ना बॅज होता, ना मीटर, ना "कोणी आहे का?" म्हणून ओरडणारं माणूस.

त्यामुळे पंगतीत हल्ली मीच उलट सांगते: जुनं रुग्णालय किंवा कारखाना मोडीत निघताना आकाराच्या मानाने फारच जड असा धातूचा डबा दिसला आणि त्यावर रेडिएशनचं तीन पात्यांचं चिन्ह असलं, तर हात लावू नका, लांब सरका आणि पोलिसांना कळवा. काकू मान डोलावतात आणि विचारतात, "मग तुला पगार किती?"