भूशिरावरचा एक दिवस: चौघं, एक टेलिस्कोप आणि भरतीचं वेळापत्रक

आम्ही चौघं भूशिरावर समुद्रावरचे पक्षी बघायला गेलो आणि पहिली चूक पोचल्या पोचल्या केली. उंचावरून जास्त दिसेल म्हणून उजाडायच्या आत थेट माथा गाठला. गणित चुकीचं नव्हतं: ३० मीटर उंचीवरून क्षितिज जवळपास २० किलोमीटरवर असतं, पाण्याशी उभं राहिलं तर जेमतेम ५. पण २० किलोमीटरवरचा पक्षी ओळखणार कोण? त्यात वरून पाहिलं की लाटांना घासून जाणारे पक्षी पाण्याच्याच रंगात हरवतात. भर म्हणून वारा. टेलिस्कोप तीसपट मोठं दाखवतो, म्हणजे थरथरही तीसपट. पाऊण तासात पदरी पडले पाच-सहा काळे ठिपके आणि थंड पडलेले कान.

मग पाण्यापासून दहाएक मीटर उंचीवरचा एक कातळाचा कट्टा सापडला. मागे खडक, त्यामुळे वारा अडला. ट्रायपॉडचे पाय आखूड केले, मधल्या दांड्याला जड पिशवी टांगली आणि चौघंही जमिनीवर बसलो. इथून पक्षी क्षितिजाच्या रेषेवर वर-खाली होताना आकाशावर नीट उठून दिसत होते. तुम्ही गेलात तर माथ्याचा मोह टाळा. मात्र जागा निवडताना कातळ सुका आहे ना ते बघा. काळपट, ओला, शेवाळलेला भाग म्हणजे तिथवर लाट येते. आणि आल्या वाटेकडे लक्ष ठेवा, भरतीत ती पाण्याखाली जाऊ शकते.

भूशिर पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळचं ऊन पाठीशी होतं. हे जमून आलं, ठरवलं नव्हतं, पण पुढच्या वेळी ठरवूनच जाईन. दुपारनंतर त्याच जागेवरून समोर नुसता चकाकता पत्रा दिसतो, पक्षी काळा की करडा तेही कळत नाही.

सगळ्यात आधी आले सँडविच टर्न. ही सुरय ओळखायला सोपी: काळ्या चोचीचं टोक पिवळं, जणू रंगाच्या डबीत बुडवून काढलेलं. आठ-दहा पक्षी समोर सूर मारत होते, तेवढ्यात उजवीकडून एक गडद पक्षी नेम धरून आला. स्कुआ! मासा पकडलेल्या एका सुरयीच्या तो असा मागे लागला की ती वळेल तिकडे हा. शेवटी तिनं मासा टाकला आणि यानं तो पाण्याला लागायच्या आत झेलला. सरळसरळ वाटमारी. आमच्यातल्या एकाला सुरयीची इतकी दया आली की त्यानं स्कुआची नोंदच करू नये असं सुचवलं.

याच वेळी लक्षात आलं की ‘तो बघ, तिकडे’ या वाक्याचा समुद्रावर काही उपयोग नाही. झाड नाही, खांब नाही, बोट कुठे दाखवणार? मग नियम केला. समोरचा एकुटवाणा खडक म्हणजे बारा वाजता. पक्षी पाहणाऱ्यानं आधी घड्याळ सांगायचं, मग क्षितिजाच्या वर की खाली, मग कुठल्या दिशेनं चाललाय. नाव सगळ्यात शेवटी. सकाळी हे ठरवलं असतं तर निम्मी भांडणं वाचली असती.

भरती पूर्ण होणार होती अकराच्या सुमारास. दहापासून पाणी चढू लागलं तसे खालच्या खडकांवर विखुरलेले पक्षी मागे सरकत सरकत आमच्या समोरच्या एका सुळक्यावर गोळा झाले. हीच वेळ साधायची असते. ओहोटीला हे सगळे दूरवर चरत असतात, भरती त्यांना आपल्यासमोर आणून बसवते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, तेव्हा जायचा दिवस सुट्टी बघून नाही, तक्ता बघून ठरवा. दगड आणि शेवाळ चोचीनं उलटून खालचे किडे खाणारे टर्नस्टोन होते, लाटेबरोबर पळापळ करणारे सँडरलिंग होते. सँडरलिंगला मागचं बोट नसतं, हे टेलिस्कोपमधून चक्क दिसलं.

मोजणीत तिघांचे तीन आकडे: ९०, १४० आणि ‘खूप’. मग दहांचा एक गठ्ठा नीट मोजून तेवढे किती गठ्ठे मावतात ते पाहिलं, तेव्हा ११० वर एकमत झालं. फोटोसाठी जवळ जायची इच्छा चौघांनाही झाली, गेलो नाही. लांबच्या प्रवासातले हे पक्षी भरतीत विसावा घेतात, त्यांना उठवणं म्हणजे जमवलेली ताकद वाया घालवायला लावणं. उठवायचं काम अखेर बहिरी ससाण्यानं केलं. तो नुसता वरून गेला आणि अख्खा सुळका रिकामा.

साडेबारा ते तीन काहीही नाही. झोप काढा.

तीननंतर एक कैकर, म्हणजे मासे पकडणारा शिकारी पक्षी, मासा घेऊन गेला. माशाचं डोकं पुढे, शेपटी मागे. हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून तो मासा असाच धरतो.

निघण्याआधी काचांवर खाऱ्या तुषारांचा थर दिसला. मित्रानं सदऱ्याचं टोक पुढे केलं, मी त्याचा हात धरला. कोरड्या कापडानं पुसलं की मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी गोडं पाणी, मगच मऊ कापड.

सामान आवरत असताना डोक्यावरून सात तुटक शिट्ट्या आल्या, एकामागून एक, एकाच सुरात. व्हिंब्रेल, खाली वाकलेल्या लांब चोचीचा किनाऱ्यावरचा पक्षी. वर पाहिलं तर अंधारून आलेलं, पक्षी दिसलाच नाही. नुसता ऐकलेला पक्षी यादीत धरायचा की नाही, यावर वाद सुरू झाला. वही जिच्याकडे होती तिनं तोवर नाव लिहून पेनाला टोपणही लावलं होतं.