तो पेपर घेऊ का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

जुलै आला की निरोप सुरू होतात. ‘ताई, एम.ए.ला दलित साहित्याचा पेपर घेऊ का? फार त्रास होतो म्हणतात.’ असं विचारणाऱ्या बहुतेक जणी माझ्यासारख्या घरातल्या. बाकीच्यांचा प्रश्न वेगळा असतो: ‘तुम्हाला तर सोपा गेला असेल ना?’ दोघांनाही मी आजवर ‘चांगला गेला, 62 मार्क पडले’ एवढंच सांगत आले. ते खोटं नाही. पण तुम्ही विचारताय ते हे नव्हे.

सोपा गेला नाही. आपल्याच घरातलं पुस्तकात आलं की सोपं होतं, असं कुणाला का वाटतं मला खरंच कळत नाही.

काय वाचायला लावलं याबद्दल माझी तक्रार नाही. पहिल्याच आठवड्यात मुक्ता साळवेचा निबंध होता. फुल्यांच्या शाळेतली ही मुलगी, 1855 साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात तिचं लेखन छापून आलं. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसतं, असं तिनं त्यात लिहिलंय. तो उतारा मी रात्री फोनवर आईला वाचून दाखवला. आई थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘तुह्या बापाचा जलम असाच झालता. वरून पाऊस अन् खाली चिखल.’ तेवीस वर्षं मी त्या घरात वाढले, मला हे कुणी सांगितलं नव्हतं. नुसत्या या एका फोनसाठीही पेपर घ्या म्हणावंसं वाटतं.

पण त्याच सत्रात पुढे बाबूराव बागूल होते.

त्याआधी खोलीचं सांगायला हवं. पुण्यात मी वर्गातल्याच एका मुलीबरोबर भाड्यानं राहत होते, मालकीणबाई खालीच. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, ‘कर’ लागणारं. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे आपल्यातलेच.’ मी काही बोलले नाही. खोटं मी बोलले नव्हते, हे मी स्वतःला कितीतरी महिने बजावत होते. बाबासाहेबांचा फोटो बॅगेच्या तळाशी, स्वेटरच्या घडीत राहिला. 14 एप्रिलला ‘ग्रंथालयात जाते’ म्हणून बाहेर पडले.

आमच्या मॅडम मनापासून शिकवायच्या. हे वाचून मनावर जो ताण येतो तो घेऊन कुणी घरी जाऊ नये, म्हणून दर शुक्रवारी शेवटची वीस मिनिटं त्यांनी ‘मन मोकळं’ करायला ठेवली होती. बाक सरकवून गोल करून बसायचं, ज्याला जे वाटलं ते बोलायचं. त्या शुक्रवारी बागूलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ संपली होती. 1963 च्या संग्रहातली ही शीर्षककथा. नोकरीच्या गावी राहायला जागा मिळावी म्हणून त्यातला ‘मी’ जात लपवतो, ती कळल्यावर मार खातो. मॅडमनी विचारलं, ‘आजही असं होतं का?’

कुणीतरी म्हणालं, खेड्यात होत असेल. कुणी म्हणालं, शहरात आता कोण विचारतं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर त्यांचीच सही होती. ‘तू बोलशील? बळजबरी नाही हं.’ बळजबरी नव्हतीच. पण गोलातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या होत्या. मी म्हणाले, ‘माझा असा काही अनुभव नाही.’

इथंच संपलं असतं तर मी कदाचित विसरले असते. पण माझी खोलीतली मैत्रीण उत्साहानं म्हणाली, ‘खरंच नाही होत आता. आमच्या काकूंनी आम्हाला काहीच विचारलं नाही.’ आणि माझ्याकडे वळून, ‘हो ना गं?’

मी म्हणाले, ‘हो.’

मॅडमनी फळ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असावं. तास संपला. आम्ही दोघी एकाच बसनं घरी गेलो, तिनं वाटेत कणीस घेतलं आणि अर्धं मला दिलं. मी खाल्लं. रात्री काकूंनी पोहे वर पाठवले, तेही खाल्ले. त्या रात्री झोप आली नाही आणि पुढे बरेच दिवस आली नाही. परीक्षेत नेमका त्याच कथेवर प्रश्न आला: नायक जात का लपवतो ते स्पष्ट करा. इतकं चांगलं उत्तर मी दुसरं कुठलंच लिहिलं नाही.

‘मग बोलायचं होतंस,’ असं मला सांगू नका. सत्राच्या मध्यावर, दोन महिन्यांची अनामत अडकलेली असताना, परभणीहून आलेल्या मुलीनं दुसरी खोली कुठं शोधायची? गोलात बसलं म्हणून सगळे सारखे होत नाहीत. तास सुटल्यावर कुणाला कुठल्या घरी परत जायचंय, ते गोलात दिसत नाही. मॅडमचा हेतू चांगला होता हे मी तेव्हाही म्हणायचे, आजही म्हणते. तरी त्यांनी माझ्याकडे बघायला नको होतं.

‘बलुतं’ या आत्मकथनात दया पवार दगडूकडून, म्हणजे आपल्याच मूळ नावाच्या माणसाकडून, सगळी कहाणी ऐकतात. गोलात बसलेली ती तेवीस वर्षांची मुलगी माझ्याशी तशीच बोलत असते. ती म्हणते, मी स्वतःला सांभाळलं. मी म्हणते, तू मैत्रिणीलाही फसवलंस, तिला खरं कळण्याची संधीच दिली नाहीस. ती म्हणते, खरं कळल्यावर तिनं कणीस दिलं असतं याची खात्री आहे तुला? यावर माझ्याकडे उत्तर नाही. मैत्रीण वाईट नव्हती. ती अजून दिवाळीला निरोप पाठवते, आणि मी अजून तिला सांगितलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी एका मुलीला मी ‘नको घेऊस’ म्हणाले. तिनं ऐकलं, आणि मलाच वाईट वाटलं. तिचा मुक्ता साळवेचा निबंध मी हिरावून घेतला, असं वाटत राहिलं.

आता मी तासिका तत्त्वावर शिकवते. बागूलांची कथा मीही शिकवते, पण ‘आजही असं होतं का?’ हे विचारत नाही. ज्याला वाटेल त्यानं नाव न घालता कागदावर लिहावं, एवढंच सांगते. यंदा दुसऱ्या बाकावरच्या एका मुलानं अख्खा तास मान वर केली नाही. कोरा कागद त्यानं घडी घालून दिला. तास संपल्यावर जिन्यात थांबून त्यानं विचारलं, ‘मॅडम, तुम्ही कुठं राहता?’ मी पेठेचं नाव सांगितलं. त्याला ते विचारायचं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पेपर घेणार असाल तर पुस्तकं माझ्याकडून न्या. बागूलांच्या कथेशेजारी मी त्या वर्षी पेन्सिलीनं काही लिहिलंय. ते खोडलेलं नाही.