अंटार्क्टिकाला मेकॅनिकपण लागतात (माझा अनुभव)

अंटार्क्टिकाला फक्त शास्त्रज्ञ जातात असं मलापण वाटायचं. पण तिथल्या आपल्या भारताच्या मैत्री या संशोधन स्टेशनवर हिवाळ्यात जे साधारण 25 जण राहतात त्यात जनरेटरवाला, वेल्डर, सुतार, कुक, डॉक्टर सगळे असतात, कारण जनरेटर बसला की संशोधन बसलंच. मी आयटीआयवाला डिझेल मेकॅनिक. वास्कोला एनसीपीओआर म्हणून केंद्र सरकारची ध्रुवीय संशोधन संस्था आहे, तिची कॉन्ट्रॅक्ट भरतीची जाहिरात मित्राने व्हॉट्सअॅपवर टाकली आणि मी फाईल घेऊन गोव्याला पोचलो.

इंटरव्ह्यूत इंजिनाचं विचारलं, पण घरचंच जास्त विचारलं. आईवडिलांची तब्येत कशी, लग्न ठरलंय का, मधेच परत येता येणार नाही हे घरी सांगितलंय का. आधी वाटलं यांना काय करायचंय, मग कळलं की उन्हाळा संपला, म्हणजे आपला मार्च उजाडला, की तिकडे विमान नाही जहाज नाही, थेट ऑक्टोबर-नोव्हेंबरलाच. म्हणून मेडिकलपण तसलंच कडक, दिल्लीला, दातापासून पोटापर्यंत सगळं, वर मानसिक तपासणी वेगळी, त्यात तेच तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात, डोकं पिकतं.

मग ट्रेनिंगला उत्तराखंडातलं औली. तिथे आयटीबीपीचे, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे, जवान बर्फात चालायला, दोर बांधायला, भेगेत पडलेल्या माणसाला वर ओढायला शिकवतात. माझ्या दोरावर पुढे एक पीएचडीवाले सर आणि मागे कुक, आणि दम तिघांचा सारखाच गेला.

सगळ्यात नवीन वाटलं ते कायद्याचं लेक्चर. भारत 1983 लाच अंटार्क्टिक करारात, म्हणजे त्या खंडाबद्दलच्या देशादेशांतल्या करारात, गेला, पण तिथे वागायचं कसं याचा आपला स्वतःचा कायदा थेट 2022 ला आला. आता परमिट लागतं, आणि तिकडे गुन्हा केला तर खटला भारतातल्या कोर्टात. बाहेरची माती, बी-बियाणं न्यायचं नाही, म्हणून बूट, बॅगा झाडूनपुसून घ्यायच्या. खाणकामाला तर बंदीच. आणि ऑइल सांडायचं नाही, कचरा परत आणायचा. गॅरेजात जुनं ऑइल गटारात ओतणारे आपण लोक, मला हे खरंच पटलं. इथेपण लावा की राव हा नियम.

पहिली मोहीम 1981 ला गोव्यातून जहाजाने निघाली होती, आम्ही केपटाऊनहून विमानाने गेलो, बर्फाच्या धावपट्टीवर उतरलो, तिथून मैत्री जवळच. जुन्या टीमच्या मेकॅनिकने जनरेटरचं रजिस्टर हातात दिलं, कुठला सेट कुरकुर करतो ते सांगितलं आणि लगेच कामाला जुंपलं.

कुणाला जायचं असेल तर संस्थेच्या वेबसाइटवर भरतीची पानं बघत राहा, आणि अर्ज करायच्या आधी दात दाखवून घ्या, ते मेडिकलच्या वेळी धावपळ करत बसू नका.